पितळेचे कान : 'ऑथेल्लो', 'झुंझारराव' आणि बेळगाव

बेळगावात वाढलेल्या मराठी माणसाच्या बोलण्यात काही कानडी शब्द इतके मुरलेले असतात, की ते कानडी आहेत हेच त्याच्या ध्यानात राहत नाही. 'हित्ताळे किवी' हा त्यातलाच. हित्ताळे म्हणजे पितळ, किवी म्हणजे कान. कुणीही येऊन काहीही सांगावं आणि ह्यानं ते खरं धरून चालावं, अशा माणसाचे कान पितळेचे. मराठीत आपण त्याला हलक्या कानाचा म्हणतो. एका भाषेनं कान धातूचे केले, दुसरीनं हलके. दोष मात्र दोन्हीकडं कानाचाच.

सांगणाऱ्यासाठी शब्द वेगळे आहेत आणि भरपूर आहेत: कळलाव्या, चहाडखोर, काड्या घालणारा. आपली चहाडी कानडीत 'चाडी' होते. शेजारपाजारच्या दोन्ही भाषांनी भांडणाची ही दोन टोकं अशी नीट वेगळी ठेवली आहेत. शेक्सपिअरच्या 'ऑथेल्लो'वर चारशे वर्षं जो वाद चालू आहे, तो याच दोन टोकांचा. बायको डेस्डिमोनाचं कॅसिओ नावाच्या दुसऱ्या अधिकाऱ्याशी सूत आहे, असं हाताखालचा यागो सेनापती ऑथेल्लोच्या कानात भरतो, आणि ऑथेल्लो त्या निरपराध बाईचा जीव घेतो. यागोनं चहाडी केली हे खरं, पण खुनाचा दोष कुणाचा?

गेल्या पावसाळ्यात टिळकवाडीत एका मित्राच्या घरी आम्ही सातआठ जण 'झुंझारराव' वाचायला बसलो होतो. 'ऑथेल्लो'चं हे गोविंद बल्लाळ देवलांनी केलेलं मराठी रूपांतर, १८९० सालचं. ऑथेल्लोचा झुंझारराव, डेस्डिमोनाची कमळजा, यागोचा जाधवराव. आमच्यातले एक गृहस्थ सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले. मूळ नाटकात यागो पहिल्याच प्रवेशात बढतीचं गाऱ्हाणं मांडतो, ते त्यांना सांगितलं तेव्हा चष्मा काढून म्हणाले, "सिनिऑरिटी डावललेत की हो त्याची!" सगळे हसलो. पण हा माणूस नाटकाच्या मुळाशी आमच्या आधी पोचला होता.

देवल आणि बेळगाव हा धागा इथल्या नाटकवाल्यांनाही पुष्कळदा नव्यानं सांगावा लागतो. देवल जन्मले सांगलीजवळच्या हरिपूरला, १८५५ मध्ये. शिकले बेळगावात, आणि मॅट्रिक झाल्यावर इथंच शाळेत शिकवू लागले. त्यांना नाटकाची दीक्षा मिळाली ती अण्णासाहेब किर्लोस्करांकडून. अण्णासाहेब तर बेळगाव जिल्ह्यातलेच. मलप्रभेकाठच्या गुर्लहोसूरला १८४३ मध्ये त्यांचा जन्म झाला, आणि त्याच वर्षी सांगलीत विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केलं. भाव्यांना ती कल्पना सुचली कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ पाहून. म्हणजे मराठी रंगभूमीच्या पायाखाली कानडी माती आहे, आणि मग तिच्यावरचा संगीत नाटकाचा मजलाही कानडी मुलखात जन्मलेल्या माणसानं चढवला. सीमावादाच्या सभांत हे कुणी सांगत नाही. टाळ्या पडायच्या नाहीत म्हणून असेल.

अण्णासाहेबांचं शेवटचं नाटक 'रामराज्यवियोग', १८८४ सालचं. तीन अंक झाले, नाटक अपुरं राहिलं आणि पुढच्या वर्षी ते गेले. विषय कुठला घेतला पाहा: मंथरा आणि कैकेयी. कान भरणारी आणि भरून घेणारी. गुरूच्या या अपुऱ्या नाटकानंतर सहा वर्षांनी शिष्यानं 'ऑथेल्लो' हाती घ्यावं, हा योगायोग असेलही. मला तो निव्वळ योगायोग वाटत नाही, पण आग्रह धरत नाही.

आता मूळ गोष्टीकडं जाऊ, कारण महत्त्वाकांक्षा या नाटकात कुठून शिरली ते तिथं कळतं. शेक्सपिअरनं कथा घेतली ती चिंथिओ या इटालियन लेखकाच्या १५६५ मध्ये छापलेल्या संग्रहातून. चिंथिओच्या कथेत नाव फक्त डिस्डेमोनाला आहे. बाकी सगळे हुद्द्यानं किंवा वंशानं ओळखले जातात: मूर म्हणजे पुढचा ऑथेल्लो, त्याचा निशाणदार म्हणजे यागो, कप्तान म्हणजे कॅसिओ. तिथला निशाणदार डिस्डेमोनावर भुललेला असतो. ती दाद देत नाही, म्हणून तो सूड घेतो. बढतीचा तिथं प्रश्नच नाही. आणि खून दोघं मिळून करतात. निशाणदार वाळू भरलेल्या मोज्यानं तिला मारतो, मूर तिथंच उभा असतो, मग दोघं वरचं छत पाडतात आणि अपघात झाला म्हणून ओरडतात. पुढं मूर पकडला जातो, छळ सोसतो, पण काही कबूल करत नाही.

शेक्सपिअरनं यात पुष्कळ काही बदललं, पण माझ्या मते मोठे बदल दोन. एक, यागोच्या तोंडी त्यानं नोकरीचं गाऱ्हाणं घातलं. शहरातल्या तीन बड्या माणसांनी ऑथेल्लोकडं यागोसाठी शब्द टाकलेला असतो, तरी लेफ्टनंटची जागा जाते कॅसिओला. हा फ्लॉरेन्सचा, पुस्तकातून लढाई शिकलेला, हिशेबनीस. आणि यागो ऱ्होड्स, सायप्रसला ऑथेल्लोच्या डोळ्यांदेखत लढलेला. बढती आता चिठ्ठीचपाटीवर आणि मर्जीवर मिळते, क्रमानं मिळत नाही, असं तो चिडून म्हणतो. आमच्या निवृत्त गृहस्थांना पटलं ते हे. दुसरा बदल असा, की खुनाच्या वेळी शेक्सपिअरनं यागोला खोलीबाहेर ठेवलं. चिंथिओकडं गुन्हा दोघांत वाटलेला होता, इथं उशी ऑथेल्लोच्याच हातात आहे. कान भरणाऱ्याचा स्वार्थ वाढवला आणि ऐकणाऱ्याच्या कृत्यातला त्याचा हात काढून घेतला. नाटक जड झालं ते त्यामुळं.

या नाटकाच्या प्रयोगाची पहिली नोंद १६०४ मधली, लंडनच्या व्हाइटहॉलमध्ये जेम्स राजापुढची, तारीख १ नोव्हेंबर. बेळगावकर या तारखेपाशी थबकतोच. हा कर्नाटक राज्योत्सवाचा दिवस, आणि सीमाभागातल्या मराठी माणसांचा काळा दिवस. कुणाच्या घरावर लाल-पिवळा झेंडा, कुणाच्या दंडावर काळी फीत. नाटकाचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही, पण तारीख दिसली की हात आपोआप थांबतो.

कान भरणं म्हणजे नेमकं काय, हे पाहायचं तर तिसऱ्या अंकातला तिसरा प्रवेश सावकाश वाचावा. कॅसिओची नोकरी गेलेली असते. तो डेस्डिमोनाला रदबदली करायला सांगून निघतो, तेवढ्यात ऑथेल्लो येतो. यागो पुटपुटतो, हे काही मला बरं दिसलं नाही. काय म्हणालास? काही नाही, सरकार. एवढंच. पुढं ऑथेल्लो विचारत जातो आणि यागो त्याचाच शब्द त्याला परत करत जातो. प्रामाणिक आहे ना कॅसिओ? प्रामाणिक, सरकार? तुला काय वाटतं? वाटतं, सरकार? पानभर यागोनं एकही आरोप केलेला नाही. सगळे प्रश्न ऑथेल्लोचे. भांडं रिकामं आहे आणि तोच ते वाकवून धरतोय.

त्याच प्रवेशात रुमाल पडतो. ऑथेल्लो म्हणतो, डोकं दुखतंय. डेस्डिमोना रुमालानं त्याचं कपाळ बांधू पाहते. तो म्हणतो, लहान पडतोय हा, आणि रुमाल बाजूला सारतो. तो खाली पडतो. राहू दे तो, असंही तोच म्हणतो. चिंथिओकडं हा रुमाल चोरीला जातो: डिस्डेमोना निशाणदाराच्या तीन वर्षांच्या मुलीला उचलून घेते आणि तो तेवढ्यात तिच्या कमरेचा रुमाल काढतो. शेक्सपिअरनं चोरी काढून टाकली. रुमाल नवऱ्याच्याच हातून पडला, आणि पुढं ज्या रुमालासाठी तो बायकोला धारेवर धरतो तो 'राहू दे' म्हणून त्यानंच सोडलेला होता. यागोची बायको एमिलिया तो उचलते, नवऱ्यानं मागितला होता म्हणून देते, कशाला हवा हे धड विचारत नाही. नंतर डेस्डिमोना शोधायला लागते तेव्हा, मला ठाऊक नाही बाई, म्हणते. शेवटी खरं बोलते तीच, आणि त्यासाठी नवऱ्याच्या हातून मरते.

हा प्रवेश संपताना ऑथेल्लो यागोला लेफ्टनंट करून टाकतो. हे बरेच जण विसरतात. ज्या जागेसाठी सगळं आरंभलं ती नाटकाच्या मध्यावरच मिळाली. पण आता मागं फिरणं म्हणजे स्वतःची मान देणं.

टीकाकारांचा वाद थोडक्यात सांगतो, कारण तो ग्रंथालयात बसून वाचायचा विषय आहे. टॉमस रायमर नावाच्या इंग्रज टीकाकारानं १६९३ मध्ये एका रुमालावर शोकांतिका रचली म्हणून नाटकाची टर उडवली. कोलरिजला यागोच्या दुष्टपणाला कारणच सापडेना. ब्रॅडलीनं १९०४ मध्ये ऑथेल्लोला उदात्त ठरवलं, म्हणजे दोष चहाडीचा. १९३७ मध्ये लीव्हिसनं ते उलटवलं: यागोचं काम इतकं सोपं झालं, कारण ऑथेल्लोचा पिंडच तसा होता. म्हणजे पितळेचे कान. माझ्या आजीनं यातलं काही वाचलं नव्हतं. पण घरात कुणी "त्यानं सांगितलं म्हणून मी केलं" असं म्हटलं की ती विचारायची, "त्यानं सांगितलं, तू केलास. मग तुझे डोळे काय उसने दिलेले?"

मराठीत 'ऑथेल्लो' पहिल्यांदा आलं ते महादेवशास्त्री कोल्हटकरांच्या भाषांतरातून, १८६७ मध्ये. नावं, गावं सगळी परकी. देवलांनी पुढं ते आपल्या माणसांत आणलं, आणि शाहूनगरवासी मंडळीच्या गणपतराव जोशींनी झुंझारराव गाजवला. पण देवलांचं खरं कौतुक मला वाटतं ते नंतरच्या कामात. 'झुंझारराव'नंतर तीनच वर्षांनी, १८९३ मध्ये, त्यांनी 'तसबिरीचा घोटाळा' लिहिलं. तेच पुढं 'संशयकल्लोळ' झालं. ते रंगभूमीवर आलं १९१६ मध्ये, देवल गेल्यानंतर. रेवतीला रस्त्यात भोवळ येते, फाल्गुनराव तिला सावरतो, ते त्याची बायको कृत्तिका पाहते. रेवतीच्या हातची अश्विनशेठची तसबीर पडते, ती कृत्तिकेला सापडते, आणि फाल्गुनराव पाहतो की बायकोच्या हातात परक्या पुरुषाचं चित्र. रुमालाच्या जागी तसबीर. पण इथं यागो नाही. कुणालाच कुणाची जागा नकोय. जो तो आपलेच कान आपणच भरतो, म्हणून खून पडत नाही, नुसता दंगा होतो आणि प्रेक्षक पोट धरून हसतो. मधे 'शारदा' झालं, १८९९ मध्ये. त्यात भद्रेश्वर दीक्षित आहे, म्हाताऱ्या भुजंगनाथाला नवरा म्हणून उभा करणारा मध्यस्थ, आणि पैशासाठी मुलगी द्यायला तयार झालेला कांचनभट. कांचनभटाचे कान पितळेचे नाहीत. त्याला सगळं नीट ऐकू येत होतं.

'झुंझारराव' आणि 'संशयकल्लोळ' यांच्या मधला एक तिसरा खेळ आमच्या जिल्ह्यातच आहे. गोकाक भागात 'श्रीकृष्ण पारिजात' हे कानडी लोकनाट्य रात्र रात्र चालायचं. कुलगोडच्या तम्मण्णानं त्याला आजचं रूप दिलं, कौजलगी निंगम्मांनी ते गाजवलं. नारद पारिजातकाचं फूल आणतो, कृष्ण ते रुक्मिणीला देतो, आणि नारद सत्यभामेच्या कानाशी लागतो. रुमाल, तसबीर, फूल. कळलाव्या हा शब्द उच्चारला की मराठी माणसाला आधी नारदच आठवतो, पण त्याचा राग कुणाला येत नाही. त्याला ना लेफ्टनंट व्हायचंय, ना कुणाचा काटा काढायचाय. म्हणून सत्यभामा रुसते, नाचते, गाते आणि पहाटे खेळ गोडीत संपतो. त्याच नारदाला कचेरीत एक जागा हवी असती, तर हा खेळ पहाटेपर्यंत टिकला नसता.

आमचं 'झुंझारराव' तीन बैठकांत वाचून झालं. शेवटच्या संध्याकाळी बाहेर पाऊस धो धो, वीज गेलेली, शेवटचा प्रवेश मोबाइलच्या उजेडात वाचला. वाचून संपलं तेव्हा निवृत्त गृहस्थांनी विचारलं, "मग ती जागा शेवटी कुणाला मिळाली हो?" मी मूळ नाटकातलं सांगितलं. ऑथेल्लोच्या जागी सायप्रसचा कारभार कॅसिओकडं जातो, आणि यागोला शिक्षा कुठं, केव्हा, कशी द्यायची हेही कॅसिओनंच ठरवायचं.

"म्हणजे ज्युनिअरकडूनच चौकशी," ते म्हणाले, आणि अंधारात चपला शोधायला उठले.