सराफ्यातली जिलबी आणि झोपेतली लाळ

पोह्यांबरोबर जिलबी पाहून पुण्याचे पाहुणे नाक मुरडतात. मुरडू देत. दातांपुरतं बोलायचं तर इंदूरच्या मराठी घरांतली ही सकाळची जिलबी त्यातल्या त्यात साधी. खरी गडबड सराफ्यात, म्हणजे इथल्या सराफ बाजारातल्या रात्रीच्या खाऊगल्लीत होते, रात्री साडेअकराला.

दातांवर जिवाणूंचा चिकट थर असतो. त्यातल्या स्ट्रेप्टोकोकस म्युटन्सला साखर मिळाली की तो तिचं आम्ल करतो. शिवाय त्याच साखरेचा डिंकासारखा पदार्थ बनवून दाताला घट्ट धरून बसतो. १९४०च्या दशकात दंतसंशोधक रॉबर्ट स्टेफन यांनी मोजून दाखवलं, की गोड तोंडात गेल्यावर काही मिनिटांतच या थराचा पीएच (आम्लतेचं माप; आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) झपाट्याने उतरतो. साधारण ५.५च्या खाली गेला की दाताच्या कवचातून कॅल्शियम आणि फॉस्फेट झिरपू लागतं. मग लाळ धावून येते, आम्ल मारते, निघालेले क्षार थोडेफार परत बसवते. याला अर्धा-पाऊण तास लागतो, कधी जास्तही.

म्हणजे किती खाल्लं याइतकंच कितीदा खाल्लं हेही बघायला हवं. जेवणात एकदा खाल्लेली जिलबी हा एक हल्ला. कोचिंगला कोलाची बाटली बाकावर ठेवून दोन तास घोट घोट पिणं म्हणजे लाळेला उसंतच नाही. त्या ३०० मिलीत साखर जवळपास ३२ ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५च्या शिफारशीत मोठ्या माणसाने दिवसाला २५ ग्रॅमच्या आत राहिलेलं उत्तम. बिनसाखरेचा कोला? तोही आंबटच, कवच झिजवतो.

आता सराफा. रबडी, मग शिकंजी (आमची शिकंजी लिंबाची नव्हे, दाट दुधाची), मग घरी येऊन थेट गादीवर. झोपेत लाळ जवळजवळ आटते. धुणारं कुणी नाही आणि जिवाणू जागे. त्यात मुलांच्या बाराव्या वर्षाच्या सुमारास आलेल्या दुसऱ्या दाढा नव्या, खोल खाचांच्या, कवच अजून पुरतं पक्कं न झालेलं. कीड बहुधा तिथेच धरते.

रात्री फ्लोराइडच्या पेस्टने ब्रश करावा, फेस थुंकावा, पण चूळ भरू नये, असं मी भाच्याला सांगितलं.

"मामा, मग ती चव तोंडात राहील ना!"

राहू दे. चव आहे तोवर फ्लोराइडही दातावर आहे.