छंद सांगणे (नागपूर)

आपला छंद ज्याला नाही, अशा माणसापुढे तो बोलून दाखविणे. समछंदी मंडळींतल्या गप्पा यात मोडत नाहीत. तिथे अर्धे वाक्य पुरते. करणारा ज्याला 'छंद' म्हणतो त्याला आई 'नाद' म्हणते, जोडीदार 'खूळ' आणि शेजारी 'रिकामे धंदे'. समोरच्याने यातला कोणता शब्द उचलला, यावरून पुढे किती बोलावे ते ठरते.

नागपुरात पहिला प्रश्न बहुधा ठरलेला : "काय भेटते बा तुले याच्यात?" बाहेरगावच्याला हा टोमणा वाटतो, पुष्कळदा ती साधी चौकशी असते. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकलेला असताना कोणी गळ्यात दुर्बीण अडकवून गोरेवाडा तलावाकडे निघाले, तर विचारणाऱ्याचे तरी काय चुकले? यावर 'आनंद' हे उत्तर खरे असले तरी निरुपयोगी आहे. त्याने बोलणे तिथेच संपते.

आकड्यांनी सुरुवात करणे ही नेहमीची चूक. रेल्वेचा नाद असलेला माणूस दोन रुळांमधले अंतर नॅरो गेजमध्ये ७६२ मिमी, ब्रॉडगेजमध्ये १,६७६ मिमी असे सुरू करतो आणि ऐकणाऱ्याचा हात मोबाईलकडे जातो. तोच माणूस इतवारीहून नागभीडला जाणाऱ्या छोट्या लाईनपासून निघाला, तर उमरेड-भिवापूरकडचा श्रोता त्याला बोलूच देत नाही. मामाच्या गावाला जाताना गाडी कुठे रेंगाळायची, डब्यात कोण काय विकायला चढायचे, वाफेच्या इंजिनाच्या दिवसांत डोळ्यांत कोळशाचे कण कसे जायचे, हे सगळे त्यालाच ठाऊक असते. छिंदवाड्याची छोटी लाईन २०१५ मध्ये आणि नागभीडची २०१९ मध्ये रुंदीकरणासाठी बंद झाली. मोतीबागेतल्या नॅरो गेज संग्रहालयात इंजिने पाहता येतात, पण त्या प्रवासाचा तपशील अशाच श्रोत्याकडून मिळतो. छंद नसलेला माणूस छंदिष्टापेक्षा जास्त जाणतो, असे या प्रकारात वारंवार घडते. 'गाढवापुढे वाचली गीता' म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी ते ध्यानात घेतलेले नसते.

पक्षीनिरीक्षकांची अडचण नावांची. शास्त्रीय नावे श्रोत्याला पळवून लावतात. नागपुरात दीर्घकाळ राहिलेले वनाधिकारी मारुती चितमपल्ली यांनी बगळ्यांच्या विणीच्या वसाहतीला 'सारंगागार' म्हटले. हा शब्द उच्चारला की निदान अर्थ तरी विचारला जातो. त्यांचा जन्मदिवस ५ नोव्हेंबर आणि पक्षितज्ज्ञ सलीम अलींचा १२ नोव्हेंबर, या दरम्यान राज्यात पक्षी सप्ताह पाळतात. पण सप्ताहापेक्षा पावशा आणि टिटवी जास्त कामाला येतात. पावशा 'पेरते व्हा' म्हणतो, टिटवीने उंचवट्यावर अंडी घातली की पाऊस जोराचा, हे शेतीशी नाते असलेल्या घरात सांगावे लागत नाही. प्रस्तुत लेखकाने एका लग्नाच्या पंगतीत, पाटवडीचा रस्सा पार निवेपर्यंत, पट्टकदंब हंस हिमालय कसा ओलांडतो आणि ७ हजार मीटरांहून उंच उडाल्याची नोंद कशी आहे, ते सांगितले. शेजारच्या काकांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "खायले कसं लागते?"

सांगण्यापेक्षा दाखवणे सोपे, असा समज आहे. नवख्याच्या हाती दुर्बीण दिली की तो आधी ती केवढ्याची ते विचारतो, मग तिच्यातून पक्षी सोडून सगळे पाहतो : आभाळ, फांदी, पुन्हा आभाळ. पक्ष्यावरची नजर न हलवता दुर्बीण डोळ्यांपर्यंत उचलायची असते, आणि तेवढ्यात खंड्या उडून गेलेला असतो. म्हणून फुटाळा तलावावर पाहुण्याला घेऊन येणारी जुनी मंडळी सुरुवात बगळ्यापासून करतात. तो बराच वेळ हलत नाही.