तेराव्यानंतरचा शोक

महाराष्ट्रातल्या बहुतेक हिंदू घरांत मृत्यूनंतरचे पहिले तेरा दिवस माणसांनी भरलेले असतात. शेजारून पिठलं-भात येतो, बाहेरगावचे नातेवाईक मुक्कामाला राहतात, आणि दहाव्याची तयारी, तेराव्याचे जेवण, कोणाला कळवायचे राहिले याची चौकशी, या सगळ्यांत घरच्यांना एकटे बसायलाही सवड मिळत नाही. चौदाव्या दिवसापासून माणसे पांगतात आणि शोकाचा मोठा भाग त्यानंतर सुरू होतो. गेल्या काही दशकांतले मानसशास्त्रीय संशोधन मुख्यतः या पुढच्या महिन्यांविषयीच आहे, आणि त्याचे निष्कर्ष सांत्वनाला येणाऱ्यांच्या नेहमीच्या सल्ल्यांशी फारसे जुळत नाहीत.

शोकाविषयीची सर्वांत जास्त पसरलेली कल्पना पाच टप्प्यांची आहे: नकार, राग, सौदेबाजी, नैराश्य आणि शेवटी स्वीकार. एलिझाबेथ कुबलर-रॉस या स्विस-अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांनी १९६९ साली ती मांडली, पण त्यांनी मुलाखती घेतल्या होत्या त्या असाध्य आजाराने अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांच्या, म्हणजे स्वतःच्या मृत्यूला सामोऱ्या जाणाऱ्या माणसांच्या. मागे राहिलेल्या आप्तांना हे टप्पे पुढे लावले गेले. प्रत्यक्षात शोकाकुल माणसे अशा ठरलेल्या क्रमाने जातात, याला नंतरच्या अभ्यासांतून भक्कम आधार मिळाला नाही. तरीही ही यादी इतकी रुजली आहे की आठव्या महिन्यात अचानक राग उफाळून आला, तर माणसाला आपण मागे घसरलो असे वाटू लागते. मला या कल्पनेचा हाच मोठा तोटा वाटतो, कारण दुःखात असलेल्या माणसावर ती नापास होण्याची भीतीही लादते.

दुसरी कल्पना आपल्या अगदी ओळखीची आहे. नवरा गेल्यावर एखादी बाई रडली नाही, तर जमलेल्या बायका काळजीने म्हणतात, ‘तिला रडवा, नाहीतर आत साठून राहील.’ अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जॉर्ज बोनॅनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या डेट्रॉइट परिसरातील २०५ ज्येष्ठ नागरिकांचा अभ्यास २००२ साली प्रसिद्ध केला. त्याचे वैशिष्ट्य असे की या सर्वांची माहिती जोडीदाराच्या मृत्यूच्या आधीपासून नोंदलेली होती आणि मृत्यूनंतर दीड वर्षापर्यंत त्यांचा मागोवा घेतला गेला. त्यांतील जवळजवळ निम्म्या व्यक्तींना दुःख झाले, आठवणी छळत राहिल्या, पण त्यांचे रोजचे जगणे कोलमडले नाही. सुरुवातीला शांत दिसलेल्या माणसांचा दाबलेला शोक नंतर उसळून वर आला, असे चित्र जवळपास आढळलेच नाही. न रडणाऱ्या माणसाचे प्रेम कमी होते असा अर्थ काढणे त्यामुळे चुकीचे आणि अन्यायाचे आहे. ज्याला रडू येते त्याला रडू द्यावे. ज्याला येत नाही त्याला बळेच रडवण्यातून काही साधत नाही.

मग शोक पुढे सरकतो तरी कसा? याचे मला सर्वांत पटणारे उत्तर मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शूट या नेदरलँड्समधील संशोधकांनी १९९९ मध्ये दिले. त्यांच्या मते शोकाकुल माणसापुढे दोन वेगळी कामे असतात. एक काम गेलेल्या माणसाशी संबंधित असते: आठवणी काढणे, फोटो पाहणे, रडणे, त्याच्याविषयी बोलणे. दुसरे काम बदललेल्या आयुष्याशी संबंधित असते: बँकेत वारसनोंद करणे, निवृत्तिवेतनाचे कागद भरणे, आजवर जोडीदार करत असलेले व्यवहार शिकून घेणे, स्वतःची नवी ओळख स्वीकारणे. निरोगी शोकात माणूस या दोन्हींमध्ये सतत ये-जा करतो आणि मधूनमधून दोन्हींपासून सुटीही घेतो. सकाळी कपाटातला सदरा हातात धरून रडलेली बाई संध्याकाळी नातवाच्या खोडीवर मनापासून हसली, तर त्यात विसंगती नाही आणि लाज वाटण्यासारखेही काही नाही. ‘सारखी रडत बसू नकोस’ आणि ‘इतक्यात हसायला लागली’ ही दोन्ही वाक्ये या ये-जा करण्यात अडथळा आणतात.

समाजाच्या रूढी दुसरे काम किती अवघड करू शकतात, हे विधवांच्या बाबतीत स्पष्ट दिसते. बांगड्या फोडणे, कुंकू पुसणे आणि शुभकार्यातून वगळणे यांमुळे नवे आयुष्य उभारण्याची वाटच बंद होते. कोल्हापूर जिल्ह्यातील शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये या प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींनाही त्याचे अनुकरण करण्यास सांगितले. हा निर्णय सामाजिक न्यायाचा म्हणून गाजला; मानसिक आरोग्याच्या दृष्टीनेही तो तितकाच मोलाचा आहे.

शोक शरीरावरही परिणाम करतो. एलिझाबेथ मोस्टोफ्स्की आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या सुमारे २,००० रुग्णांची माहिती तपासली, तेव्हा जिवलगाच्या मृत्यूनंतरच्या पहिल्या २४ तासांत झटक्याचा धोका एरवीच्या सुमारे २१ पट असल्याचे आढळले. पुढच्या दिवसांत तो उतरत जातो, आणि एरवीचा धोका मुळात अल्प असल्यामुळे निरोगी माणसाने घाबरून जाण्याचे कारण नाही. मात्र ज्यांना आधीच हृदयविकार किंवा उच्च रक्तदाब आहे, त्यांच्या गोळ्या, पाणी, जेवण आणि झोप यांकडे त्या गडबडीच्या दिवसांत कोणीतरी लक्ष ठेवायलाच हवे.

बहुसंख्य माणसे औषधोपचाराशिवाय हळूहळू सावरतात. नैसर्गिक मृत्यूनंतर साधारण दहातील एका प्रौढ व्यक्तीचा शोक मात्र तीव्रच राहतो. अपघात, आत्महत्या किंवा हिंसेने झालेल्या मृत्यूनंतर हे प्रमाण बरेच वाढते. अशा शोकात गेलेल्या माणसाची ओढ दिवसभर सुटत नाही, मृत्यू खरा वाटत नाही, स्वतःचाच एक भाग गेल्यासारखे वाटते आणि काम, नाती, जेवण सगळेच थांबते. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत, जी जानेवारी २०२२ पासून लागू झाली, या अवस्थेला स्वतंत्र विकार मानले आहे. त्यासाठी किमान सहा महिन्यांची अट आहे, शिवाय हा शोक त्या व्यक्तीच्या समाजातील व धर्मातील रीतीपेक्षा स्पष्टपणे अधिक असला पाहिजे. वर्षश्राद्धापर्यंत सण न करणारे किंवा पितृपक्षात हळवे होणारे कुटुंब म्हणूनच आजारी ठरत नाही.

ही अवस्था नैराश्याहून वेगळी आहे, आणि उपचारांतही तो फरक दिसतो. कॅथरीन शिअर या अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांनी या शोकासाठी साधारण सोळा भेटींची खास मानसोपचार पद्धत विकसित केली. तिच्यात मृत्यूच्या प्रसंगाची आठवण तज्ज्ञांच्या सोबतीने पुन्हा सांगितली जाते, टाळलेल्या जागा आणि वस्तूंकडे हळूहळू जायला मदत होते आणि त्याच वेळी पुढच्या आयुष्यातली छोटी उद्दिष्टे ठरवली जातात. त्यांच्या २०१६ च्या चाचणीत या उपचाराला नैराश्यावरच्या गोळीची जोड दिल्याने शोकाच्या लक्षणांत अधिक सुधारणा झाली नाही, पण सोबतचे नैराश्य मात्र अधिक उतरले.

आपल्याकडे असे उपचार देणारे प्रशिक्षित लोक कमी आहेत, तरी सुरुवात करायला जागा आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या दूरध्वनी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य आणि मराठीतही बोलता येते. सांत्वनाला गेलेल्यांनी तिसऱ्या-चौथ्या महिन्यात पुन्हा एकदा घरी जावे, गेलेल्या माणसाचे नाव घेऊन त्याच्याविषयी बोलावे आणि बँकेच्या किंवा तहसील कचेरीच्या कामाला सोबत करावी. त्या भेटीत ‘मलाही आता त्यांच्याकडे जायचे आहे’ अशा अर्थाचे काही ऐकू आले, तर ते दुःखाच्या भरातले बोलणे समजून सोडून देऊ नये; नेमके काय मनात आहे ते स्पष्ट विचारावे, त्या व्यक्तीला एकटे ठेवू नये आणि सहा महिने होण्याची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे.