इमर्जन्सी दाबली, मेन बंद केला का?

“इमर्जन्सी दाबलीय, घाल हात.” हे वाक्य इतक्या तोंडून ऐकलंय की आता कुणी ते उच्चारलं की मी आधी त्याच्या खिशाकडे बघतो. खिशात मेन स्विचच्या कुलपाची किल्ली असेल तर माझं म्हणणं संपलं. नसेल तर मशीन फक्त थांबलंय, आणि थांबलेल्या मशीनमध्ये कोपरापर्यंत हात घालण्याची तयारी चालली आहे.

इमर्जन्सी बटण सगळ्यांनाच ठाऊक आहे. लाल, अळिंबीच्या छत्रीसारखं, मागे पिवळी चकती. दाबलं की अडकून बसतं, पिळलं किंवा ओढलं की सुटतं. सुटल्यावर मशीन आपणहून चालू होता कामा नये, स्टार्ट वेगळा द्यावा लागला पाहिजे. आयएसओ १३८५० हे मानक तेच सांगतं. मेन स्विच म्हणजे मशीनच्या विजेच्या पॅनलच्या दारावरचं किंवा कडेचं फिरवायचं हँडल. ऑफवर आणलं की त्यात कुलूप घालायला भोक मोकळं होतं. बऱ्याच मशीनवर ते भोक तेलकट धुळीने बुजलेलं दिसतं. त्यात कधी कुलूप गेलं होतं का, हे वेगळं विचारावं लागत नाही.

रंगावरून ओळखायला जाऊ नका. आणीबाणीतही वापरायचा असेल तर मेन स्विचचं हँडलसुद्धा लाल आणि त्यामागे पिवळं असतं. नाहीतर ते काळं किंवा करडं. रंगाबद्दल एवढं पुरे.

खरी गफलत आतल्या वायरिंगमध्ये आहे. इमर्जन्सी बटण मोटरच्या तारेत बसवलेलं नसतं. ते कंट्रोल सर्किटमध्ये असतं, साधारणपणे २४ व्होल्टच्या. त्याचा कॉन्टॅक्ट एरवी जुळलेला असतो आणि दाबल्यावर उघडतो. मुद्दाम तसं केलेलं असतं, म्हणजे तार तुटली तरी मशीन थांबतंच. कॉन्टॅक्ट उघडला की रिले (विजेवर चालणारा छोटा स्विच) सुटतो, रिलेमुळे कॉन्टॅक्टर (मोटरची वीज जोडणारा-तोडणारा मोठा स्विच) सुटतो, मग मोटरचा सप्लाय जातो. म्हणजे बटण स्वतः वीज तोडत नाही, वीज तोडायचा निरोप पाठवतं. पॅनलमध्ये कॉन्टॅक्टरपर्यंतचे तिन्ही फेज जसेच्या तसे उभे असतात. मेन स्विच निरोपाच्या भानगडीत पडत नाही. तो फेजच्या वाटेतच फट पाडतो, आणि कुलूप घातलं की ती फट दुसऱ्या कुणाला बुजवता येत नाही.

निरोप आणि फट यातला फरक प्रत्यक्षात कुठे भोवतो ते बघा. चिप कन्व्हेयरमध्ये, म्हणजे धातूचा कीस बाहेर नेणाऱ्या पट्ट्यात, लांब गुंतवळ्याच्या चिप्स अडकल्यात. ऑपरेटर इमर्जन्सी दाबतो, मशीनच्या मागे जातो, वाकून हुकाने ओढायला लागतो. पुढून दुसरा माणूस येतो. त्याला मशीन बंद दिसतं, बटण दाबलेलं दिसतं आणि मागे कुणी आहे हे दिसत नाही. आधीच्या पाळीने तसंच सोडलं असणार असं समजून तो बटण पिळतो, रीसेट करतो, कन्व्हेयर चालू करतो. त्याने एकही नियम मोडलेला नाही. बटण असतंच कुणालाही दाबता यावं आणि कुणालाही सोडवता यावं म्हणून. सगळ्यांच्या हातातली गोष्ट एकट्याच्या बोटांची राखण कशी करणार?

दुसरी गोष्ट कॉन्टॅक्टरची. वर्षानुवर्षं ठिणग्या खाऊन त्याचे पॉइंट कधीकधी एकमेकांना चिकटतात. त्यांना ओढून धरणारी कॉइल सुटते, पॉइंट सुटत नाहीत. म्हणून बऱ्या मशीनमध्ये दोन कॉन्टॅक्टर एकापुढे एक लावून त्यांच्यावर सेफ्टी रिलेची नजर ठेवतात. जुन्या लेथवर मात्र एकच असतो आणि त्याच्यावर नजर कुणाचीच नसते.

आणि याच कारणाने इमर्जन्सीने रोज मशीन बंद करणाऱ्यांवर माझा दात आहे. काम संपलं की तळहाताने लाल बटणावर थाप मारायची आणि जेवायला जायचं! थांबवायला साधं स्टॉप बटण दिलेलं असतं. चालत्या लोडवर रोज वीज तोडून पॉइंट झिजवायचे, आणि खऱ्या वेळी त्यांच्यावरच भिस्त ठेवायची.

आता दुसरी बाजू, कारण इथवर वाचून काहीजण म्हणतील, मग प्रत्येक वेळी मेनच बंद करू. नको. बाही चकमध्ये (धातूचा तुकडा पकडून फिरणाऱ्या जबड्यात) ओढली जातेय, अशा क्षणी मेनकडे धावणं चूक आहे. तो लांब असतो हे एक कारण. दुसरं कारण फारसं कुणी सांगत नाही: चक फिरवणारा दांडा म्हणजे स्पिंडल ड्राइव्हवर (मोटरचा वेग सांभाळणाऱ्या यंत्रणेवर) चालत असेल आणि मेन काढला तर ब्रेक लावणाऱ्या ड्राइव्हचीच वीज जाते, आणि जड चक आपल्या वेगाने फिरत राहू शकतं. इमर्जन्सी बटण नीट जोडलेलं असेल तर अशा मशीनवर ड्राइव्ह आधी स्पिंडल आवरतो, मग वीज तोडली जाते. मानकांत याला स्टॉप कॅटेगरी १ म्हणतात. तडक वीज तोडणं ही कॅटेगरी ०. म्हणजे अपघाताच्या क्षणी लाल बटण, आणि शांतपणे आत हात घालायचा असेल तेव्हा कुलूपबंद मेन. एकाचं काम दुसऱ्याकडून करून घेऊ नये.

मग दर जॉबला, म्हणजे मशीनवर चढवलेल्या दर तुकड्याला, कुलूप लावायचं का? नाही. जॉब काढणं-घालणं, माप घेणं यासाठी साधा स्टॉप, स्पिंडल पूर्ण थांबेपर्यंत कळ काढणं (तळव्याने चक दाबून थांबवणाऱ्यांना हात जोडतो) आणि दाराचा इंटरलॉक (दार उघडं असताना मशीन चालू न देणारा स्विच) शाबूत असणं पुरतं. इंटरलॉकला चुंबक किंवा तुटकी चावी लावून फसवलेलं असेल तर पुढचं सगळं फोल आहे. बेल्ट बदलणं, गार्ड काढणं, कन्व्हेयर मोकळा करणं, पॅनल उघडणं ही मात्र कुलपाची कामं.

कुलूप ज्याचं त्याचं आणि किल्ली ज्याच्या त्याच्या खिशात. चौघं कामाला असतील तर चार कुलपं. त्यासाठी अनेक भोकांची पट्टी मिळते. “काम चालू आहे” ही नुसती पाटी मला मान्य नाही. पाटी विनंती करते, आणि घाईत असलेला माणूस विनंत्या वाचत नाही. कुलूप लावल्यावर स्टार्ट दाबून बघा. काहीच हललं नाही, तरच कामाला लागा.

पण मेन बंद झाला म्हणजे सगळं मेलं, असंही नाही. स्विचच्या येणाऱ्या बाजूचे टर्मिनल जिवंतच असतात. पॅनलमधला दिवा, एखादा सॉकेट मुद्दाम मेनच्या आधून घेतलेला असू शकतो. अशा तारा बऱ्याचदा नारिंगी असतात. ४०० व्होल्ट थ्री-फेजवरच्या ड्राइव्हमध्ये डीसी बसवर साधारण ५४० व्होल्ट असतात आणि वीज गेल्यावरही वीज साठवणाऱ्या कपॅसिटरमध्ये काही मिनिटं टिकतात. किती थांबायचं ते ड्राइव्हच्या कव्हरवर छापलेलं असतं. तेवढं थांबा आणि मग मीटर लावा. तो मीटर आधी आणि नंतर चालू सप्लायवर तपासा, नाहीतर मेलेला मीटर शून्यच दाखवणार. हायड्रॉलिक अॅक्युम्युलेटरमधला (दाबाखालचं तेल साठवणाऱ्या टाकीतला) दाब विजेवर अवलंबून नसतो, तो वेगळा सोडावा लागतो. उभ्या अॅक्सिसचा ब्रेक ढिला असेल तर मिलिंगचं हेड स्वतःच्या वजनाने खाली येतं. त्याच्याखाली हात घालण्याआधी लाकडी ठोकळा लावा.

छोट्या बेंच ड्रिलला असला मेन स्विच नसतोच. तिथे प्लग काढायचा. तो सॉकेटच्या शेजारी लोंबकळत न ठेवता आपल्यासमोर, टेबलावर.