अ‍ॅरिझोना स्टेट : मतदानाने नाव बदललं, दर्जा नव्हे

'अ‍ॅरिझोनातल्या मतदारांनी कौल दिला आणि एका साध्या अध्यापक कॉलेजचं रातोरात विद्यापीठ झालं', ही गोष्ट कानाला गोड लागते, पण अर्धवट आहे. मतदान खरंच झालं होतं. ४ नोव्हेंबर १९५८ रोजी 'प्रपोझिशन २००' (मतपत्रिकेवर थेट मतदारांपुढे ठेवलेला प्रस्ताव) दोनास एकच्या आसपास फरकाने मंजूर झालं आणि टेंपीच्या अ‍ॅरिझोना स्टेट कॉलेजच्या नावात 'युनिव्हर्सिटी' हा शब्द आला. पण बदललं ते नाव. १८८५ मध्ये शिक्षक घडवणारी शाळा म्हणून सुरू झालेली ही संस्था १९४५ पासूनच 'टीचर्स कॉलेज' राहिली नव्हती. मतदानाच्या चार वर्षं आधी, १९५४ मध्ये, रीजंट मंडळाने, म्हणजे राज्यातल्या सरकारी उच्चशिक्षण संस्थांचा कारभार पाहणाऱ्या मंडळाने, तिची वेगवेगळ्या कॉलेजांत विभागणी मान्य केली होती. म्हणजे घर आधीच बांधून झालं होतं, पाटी तेवढी लटकायची होती!

मग थेट जनतेकडे का जावं लागलं? कारण त्याच राज्यातल्या टूसॉन शहरातलं जुनं विद्यापीठ. राज्यात दुसरं विद्यापीठ नको, निधीत वाटेकरी नको, हा तिथल्या समर्थकांचा हट्ट. तेव्हा टेंपीच्या कॉलेजचे अध्यक्ष ग्रेडी गॅमेज आणि माजी विद्यार्थ्यांनी सह्या गोळा करून प्रश्न मतपत्रिकेवर आणला. विरोध इतका टोकाचा, की टेंपीच्या फुटबॉल मैदानावरच्या गवतात कुणीतरी 'नो २००' जाळून उमटवलं.

अमेरिकेत कॉलेजचं विद्यापीठ करायला मतदान लागतंच, हा गैरसमजही सोडून द्या. त्याच राज्यातलं फ्लॅगस्टाफचं कॉलेज १९६६ मध्ये विद्यापीठ झालं, तेही अशा सार्वमताशिवाय.