नहर-ए-अंबरी आणि पाणचक्कीची नहर: या दोन वेगळ्या आहेत

छत्रपती संभाजीनगरात जुना दगडी मनोरा किंवा खोदकामात निघालेली खापराची नळी दिसली की "ही मलिक अंबरची नहर" (मलिक अंबर हा निजामशाहीचा वजीर, नहर म्हणजे शहराला पाणी आणणारा जुना जलमार्ग) असं सर्रास सांगितलं जातं. पाण्यावर चालणाऱ्या जुन्या पीठगिरणीचा, म्हणजे पाणचक्कीचा, झोत बघायला आलेल्यांनाही हेच ऐकायला मिळतं. ते चूक आहे. शहरात अनेक नहरी होत्या. मलिक अंबरची नहर-ए-अंबरी आणि पाणचक्कीची नहर या त्यांतल्या दोन. दोन्हींचं पाणी शहराच्या उत्तरेच्या हर्सूलच्या बाजूनं, जमिनीखालून, निव्वळ उतारावर यायचं, म्हणून घोटाळा होतो.

मलिक अंबरनं 1610 साली खडकी (म्हणजे हेच शहर) वसवली आणि त्यानंतर काही वर्षांतच शहराला पाणी पाजायला नहर बांधली. तो 1626 मध्ये वारला. पाणचक्कीची नहर त्याच्या बरीच नंतरची, सुफी संत बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारासाठी बांधलेली. तिथं पाणी पिण्याला होतंच, पण फकीर-वाटसरूंचं दळणही त्यावर व्हायचं.

खरा फरक पाणी कसं वाहतं यात आहे. नहर-ए-अंबरीचा मुख्य भाग म्हणजे भुयार. आपल्याकडं वरचा मुरूम आणि मांजऱ्या (झिजलेल्या, सच्छिद्र खडकाचा) थर पाणी धरतात, खालचा अखंड काळा पाषाण ते अडवतो. या दोहोंच्या सांध्यालगत भुयार खणलं की भिंतींतून पाणी पाझरतं. त्याला अगदी हलका उतार लागतो. हजार मीटरला एक मीटर उतार धरला तर 6 किलोमीटरमध्ये फक्त 6 मीटर. उतार जास्त दिला तर पाणी तळ खरवडतं, कमी दिला तर गाळ बसतो. ठरावीक अंतरावरची उभी तोंडं आधी खोदलेली माती वर काढायला, नंतर गाळ उपसायला. इथं पाण्यावर हवा असते. नाल्यासारखंच ते वाहतं, फक्त जमिनीखालून.

पाणचक्कीकडं पाणी आणणारी ओळ शेवटी खापराच्या बंद नळांची आहे. एकात एक बसवलेले नळ, भोवती चुन्याचं बांधकाम. नळ पूर्ण भरून वाहतो, म्हणून त्यात दाब असतो. ओळ खोलगटात उतरून पुन्हा वर येऊ शकते आणि पाणचक्कीजवळच्या उंच भिंतीवर पाणी "चढतं" तेही यामुळंच. उगम त्या भिंतीच्या माथ्याहून उंच आहे, पाणी आपली पातळी गाठतं, एवढंच. याला लोक सायफन म्हणतात. खऱ्या सायफनमध्ये पाणी आधी उगमाच्या पातळीहून वर ओढलं जातं. इथं तसं होत नाही.

भिंतीवरून सुमारे 20 फुटांवरून पाणी खाली येतं आणि जमिनीखालच्या आडव्या चाकाच्या लोखंडी पात्यांवर आदळतं. चाकाचा उभा आस थेट जात्याच्या वरच्या तळीला जोडलेला, खालची तळी स्थिर. मधे दातेरी चाकं नाहीत. चाक जितक्या फेऱ्या घेईल तितक्याच तळी घेते, म्हणून दळण बारीक-जाड करायचं तर दोन तळ्यांमधलं अंतर बदलायचं. ताकदीचा हिशेब असा: सेकंदाला 10 लिटर पाणी 6 मीटरवरून पडलं तर साधारण 590 वॅट होतात. निम्मी ताकद वाया गेली तरी 300 वॅट उरतात, म्हणजे घरगुती चक्कीच्या एक हॉर्सपॉवर मोटरच्या निम्म्याहूनही कमी. पण ही ताकद पाणी आहे तोवर रात्रंदिवस, फुकट मिळते. दळताना तळ्या गुळगुळीत होतात, तेव्हा त्यांना छिन्नीनं टाकी लावून पुन्हा खडबडीत करावंच लागतं.

बिघडण्याच्या तऱ्हाही वेगळ्या. भुयाराचा शत्रू बोअरवेल: भूजल भुयाराच्या तळाखाली गेलं की पाझर थांबतो, मग गाळ कितीही उपसा, पाणी येत नाही. दुसरा शत्रू वरचं बांधकाम: पाया खणताना छत खचतं, उभं तोंड राडारोड्यानं बुजतं आणि तिथून सांडपाणी आत शिरतं. बंद नळाला पिंपळ-उंबराची मुळं मारतात. सांध्यातल्या ओलीकडं ती धावतात, आत झुबका करतात आणि नळ फोडतात. क्षारयुक्त पाण्याचा पांढरा थर आतून बसत जातो आणि नळाचं तोंड वर्षागणिक अरुंद होतं.

नळाच्या ओळीवरच्या दगडी मनोऱ्यांबद्दल थोडं सविस्तर, कारण इथं हमखास चूक होते. बंद नळात उंचवट्यावर हवा कोंडली की प्रवाह अडतो. मनोऱ्याचं उघडं तोंड ती हवा सोडतं आणि नळातला दाब मनोऱ्याच्या उंचीपलीकडं जाऊ देत नाही. कचरा पडतो म्हणून कुणी ते तोंड सिमेंटनं लिंपलं तर हवा कोंडून पाणी कमी होतं आणि दाब वाढला की खालचा एखादा सांधा उकलतो. तोंडावर जाळी बसवावी, लिंपू नये.

जागेवर ओळखायचं तर तोंडातून खाली डोकावा. खोलवर वाहतं पाणी आणि वर मोकळी हवा दिसली तर भुयार. एका अंगानं नळ वर चढून दुसऱ्या अंगानं उतरत असेल तर दाबाची ओळ. नुसत्या खापराच्या नळीवरून काही ठरवू नका. शहरात शिरल्यावर अंबरीचं पाणीही नळांनीच वाटलं जात होतं. नळी वरच्या अंगाला कुठं जाते हे बघावं लागतं. भुयारात मात्र उतरू नये. कोंडलेल्या हवेत माणूस बेशुद्ध पडू शकतो. आत वटवाघळं असतील तर त्यांना धूर देऊ नये, उन्हाळ्यात पिलं असतात.

भुयाराची दुरुस्ती चुन्यानं करावी, तीही छताची आणि खचलेल्या जागांची. पाझरणाऱ्या भिंतींना हात लावू नये. स्वच्छ दिसावं म्हणून त्यांना सिमेंटचं प्लास्टर केलं की पाझरच बंद होतो.