पाचांपैकी गथ कुठे गेलं? पलिष्टी नगरांची पार्श्वभूमी

बायबलमधल्या यहोशवाच्या पुस्तकाच्या १३ व्या अध्यायात पलिष्ट्यांच्या, म्हणजे प्राचीन इस्राएलांच्या शेजारी शत्रूंच्या, पाच सरदारांची नगरं एका दमात सांगितली आहेत: गज्जा, अश्दोद, अष्कलोन, गथ आणि एक्रोन. पुढे आमोस संदेष्टा याच शत्रूंवर कोसळणाऱ्या संकटाचं भाकीत करतो, तेव्हा त्याच्या तोंडी चारच नावं येतात. सफन्याही चारच नावं घेतो, जखऱ्याही चारच. तिघांच्याही यादीत गथ नाही. गथ म्हणजे दाविदाशी लढलेल्या धिप्पाड गल्याथाचं गाव आणि इस्राएलाचा राजा शौल याच्यापासून पळालेल्या दाविदाला जिथे आसरा मिळाला ते नगर. पाचांत सर्वांत गाजलेलं नावच गळावं, याला काहीतरी कारण असणार.

त्या कारणाकडे वळण्याआधी हे लोक आले कुठून ते पाहू. आमोस आणि यिर्मया दोघेही त्यांचं मूळ कफतोर सांगतात. कफतोर म्हणजे क्रीट बेट, असं बहुतेक अभ्यासक मानतात. तिकडे इजिप्तमध्ये मेदिनेत हाबू इथल्या मंदिराच्या भिंतींवर तिसऱ्या रामसेसने आपल्या कारकिर्दीच्या आठव्या वर्षीचं, म्हणजे साधारण इ.स.पू. ११७५ मधलं युद्ध कोरून ठेवलं आहे. समुद्रमार्गे आलेल्या टोळ्यांच्या नावांत ‘पेलेसेत’ (म्हणजे पलिष्टी) हे नाव आहे. त्याच भिंतीवर बैल जुंपलेले गाडे दिसतात आणि त्यांत बायका-मुलं बसलेली आहेत. लुटून परत जायला निघालेली फौज बायका-मुलं सोबत घेत नाही. हे लोक घरदार हलवून निघाले होते.

अष्कलोनच्या उत्खननाने याला हाडांचा पुरावा दिला. तिथल्या सांगाड्यांच्या डीएनएचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. घरांच्या जमिनीखाली पुरलेल्या, सुरुवातीच्या काळातल्या तान्ह्या बाळांमध्ये दक्षिण युरोपकडचा वारसा स्पष्ट सापडला. दोनेक शतकांनंतरच्या माणसांमध्ये तो जवळजवळ ओळखू येईनासा झाला. म्हणजे शास्त्रग्रंथ ज्यांना सतत परके, बेसुंती (सुंता न झालेले) म्हणून हिणवतात, ते तोवर आजूबाजूच्या लोकांशी सोयरीक जोडून स्थानिकच झाले होते. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते, कारण पलिष्टी आपल्याला आजवर फक्त त्यांच्या शत्रूंच्या शब्दांतच भेटत आले आहेत.

आता गथ. एला खोऱ्याच्या तोंडाशी असलेली तेल एस-साफी नावाची टेकडी म्हणजेच गथ. १९९६ पासून तिथे आरेन माएर यांच्या नेतृत्वाखाली खोदकाम चाललं. इ.स.पू. नवव्या शतकात हे शहर पन्नासेक हेक्टरांवर पसरलं होतं; त्या काळच्या त्या मुलखात एवढी मोठी वस्ती विरळाच. मग एका थरात सगळंच जळालेलं सापडतं: कोसळलेली घरं, जागच्या जागी फुटलेली भांडी. शहराभोवती दोन किलोमीटरहून लांब खंदकही मिळाला. तो वेढा घालणाऱ्यांनी खणला होता, आतल्यांना बाहेर पडता येऊ नये म्हणून. ‘दुसरे राजे’ या पुस्तकाच्या १२ व्या अध्यायात एक ओळ येते: अरामाचा राजा हजाएल याने गथावर स्वारी करून ते घेतलं आणि मग यरुशलेमकडे मोर्चा वळवला. तिथल्या योवाश राजाने मंदिरातलं सोनं देऊन त्याला परतवलं. जळालेला थर त्याच सुमाराचा, इ.स.पू. ८३० च्या आसपासचा आहे.

आमोस बोलतो तो यानंतर दोन-तीन पिढ्यांनी. त्याच्या काळी शाप द्यायला गथ उरलंच नव्हतं. सहाव्या अध्यायात तो आपल्या लोकांना म्हणतोच, की खाली पलिष्ट्यांच्या गथास जाऊन पाहा. भग्न शहराकडे बोट दाखवून दिलेला तो इशारा असावा. शत्रूबद्दल लिहिणारे हे ग्रंथ कडवट आहेत, पण कोणतं नगर कधी उभं होतं आणि कधी नव्हतं, याची नोंद त्यांनी इथे चोख ठेवली आहे.

अश्दोदचंही तसंच. पलिष्ट्यांचा देव दागोन याच्या देवळात इस्राएलांची पवित्र पेटी, कराराचा कोश, नेऊन ठेवल्यावर मूर्ती पालथी पडली, ही पहिल्या शमुवेलातली कथा सर्वांना माहीत असते. पण यशयाच्या २० व्या अध्यायात अश्शूरचा (असीरियाचा) राजा सार्गोन याने अश्दोद घेतल्याचा उल्लेख आहे, आणि अश्दोदच्या टेकडीवर अश्शूरी विजयस्तंभाचे तुकडे खरोखरच सापडले. आजचं अश्दोद हे १९५६ मध्ये वसवलेलं बंदराचं शहर त्या टेकडीपासून थोडं दूर आहे. आपल्या कोकणातून गेलेली बरीच बेने इस्रायल कुटुंबं तिथे राहतात. गज्जाची मात्र फारशी माहिती हाती नाही, कारण जुनं शहर आजच्या दाट वस्तीखाली दबलेलं आहे.

गथ संपल्यावर भरभराट झाली ती एक्रोनची. तेल मिकने इथे शंभराहून अधिक तेलघाणे सापडले. प्रत्येकाची मांडणी सारखीच: मधल्या दगडी कुंडात जैतुनाची फळं दगडी लाटेने चिरडायची, मग तो लगदा दोन्ही बाजूंच्या हौदांवर रचायचा आणि भोकं पाडलेले जड दगड तुळईला टांगून तेल दाबून काढायचं. याच कारखान्यांत चार शिंगांच्या छोट्या वेद्याही मिळाल्या. १९९६ मध्ये तिथल्या देवळाच्या अवशेषांत पाच ओळींचा शिलालेख निघाला: एक्रोनचा अधिपती आखीश, पादीचा मुलगा, याने आपल्या देवीसाठी हे देऊळ बांधलं, तिने त्याला आशीर्वाद द्यावा, त्याचं रक्षण करावं, त्याच्या भूमीचं भलं करावं. या पादीला यहूदाचा राजा हिज्किया याने यरुशलेमात कैद करून ठेवलं होतं, हे अश्शूरचा राजा सन्हेरीब याच्या इ.स.पू. ७०१ च्या स्वारीच्या वृत्तान्तात येतं. आणि आखीश हे नाव दाविदाला आसरा देणाऱ्या गथच्या राजाचंही होतं. इतक्या शतकांच्या शिव्याशापांनंतर एका पलिष्टी राजाचा स्वतःचा आवाज ऐकू येतो, आणि तो आपल्या गावासाठी आशीर्वाद मागतो.

इ.स.पू. ६०४ च्या हिवाळ्यात बाबेलच्या (बॅबिलोनच्या) राजा नबुखद्नेस्सरने अष्कलोन जाळलं. लवकरच एक्रोनही गेलं. बाबेलमध्ये सापडलेल्या शिधावाटपाच्या पाट्यांवर अष्कलोनचा राजा आगा याच्या मुलांची नावं आहेत, तशीच यहूदाचा बंदिवान राजा यहोयाखीन याचीही. तेल दोघांच्या घरच्यांना एकाच कोठारातून मिळत होतं. पुढे पारसाचा राजा कोरेश याने वाट मोकळी केली तेव्हा यहूदाचे लोक मायदेशी परतले आणि त्यांनी आपले ग्रंथ जतन केले. पलिष्टी परतल्याची नोंद नाही.